सी-ऑफला कोण येणार

कुवेतला अब्बासियात मी अकरा वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. नाशिकला बी.ए. केलं होतं, तेही इंग्रजी घेऊन. फॅमिली व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती, म्हणून हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि बसले शिकवायला. नवरा मीना अब्दुल्लाच्या तेल रिफायनरीकडे एका ठेकेदार कंपनीत इंजिनीअर. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची, संध्याकाळी आणून टाकायची. मधला सगळा दिवस मी, एसीची घरघर आणि चार वाजता येणारी बारा-पंधरा पोरं.

पोरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं होतं, ते मी कशाला नाकारू? तोंडानं फडाफडा बोलायची. पण परीक्षेत क्रियापदापुढे ऑन, ऑफ, अप, आउट लावून वाक्य करा म्हटलं की सगळ्यांची पाचावर धारण. लुक आफ्टर म्हणजे काय, लुक डाउन ऑन म्हणजे काय, घोकून घ्यावं लागायचं. एकच असं होतं की जे कधी शिकवावं लागलं नाही. सी ऑफ. ते शब्द उच्चारायचा अवकाश, बाराच्या बारा हात वर! 'आम्ही काल अंकलना सी-ऑफ केलं.' 'पप्पा आजीला सी-ऑफ करायला गेले.' चौथीतलं पोरगंसुद्धा माणसाला बरोब्बर 'सी' आणि 'ऑफ'च्या मधे बसवायचं. न बसवून सांगतं कोणाला? अब्बासियातलं प्रत्येक पोर महिन्यातून एकदा तरी विमानतळावर जाऊन आलेलं असायचं.

शिकवणीच्या गाइडात त्याचा मराठी अर्थ छापला होता, 'निरोप देणे'. मला तो कधीच पटला नाही. निरोप काय, दारातूनही देता येतो. फोनवरूनही देता येतो. सी-ऑफला पाय लागतात. घरातून उठून, कपडे बदलून, तिथपर्यंत जावं लागतं आणि माणूस दिसेनासा होईपर्यंत उभं राहावं लागतं. आपल्याकडे 'सोडायला जाणे' आहे, पण सोडायला टॅक्सीवालाही जातो. 'पोचवायला जाणे' हा खरा शब्द, पण तो मेला स्मशानाच्या वाटेवर जाऊन बसलेला, त्यामुळे कुणी तोंडातून काढत नाही. म्हणून मग घराघरात मराठी बायासुद्धा 'सी-ऑफ'च म्हणायच्या.

आणि त्या सी-ऑफचे कायदे होते बरं का. कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ. सुट्टीवर जाणाऱ्याला एक गाडी पुरे. बाळंतपणाला जाणारीला दोन. कायमचं जाणाऱ्याला तिथलं सगळं मराठी मंडळ. लाडवांचे डबे, पोरांच्या हातात कार्डं, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, फोटो. अमक्याला अठरा माणसं आली होती आणि तमक्याला सातच, ह्याची चर्चा पुढच्या हळदीकुंकवापर्यंत पुरायची. मीही करायचे, खोटं कशाला बोलू? मला तर तोंडच फाटकं.

पण एक कायदा सगळ्यांच्या वरचा. ज्याचे कागद बिघडले, त्याला सी-ऑफ नाही. नोकरीवरून काढला, मालकाशी वाजलं, पोलिसांत नाव गेलं, की तो माणूस एका दिवसात जणू पारदर्शक व्हायचा. नंतर कुठे विषय निघालाच तर सगळ्यांचं एकच ठरलेलं वाक्य. 'अय्या, कधी गेले? कळलंच नाही हो!' सगळ्यांना कळलेलं असायचं.

आमच्या दारासमोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा, बायको, एक मुलगी, तिच्या पाठचा लहान मुलगा. नवऱ्याचं शहरातल्या बाजारात कापडाचं दुकान, म्हणजे राबायचा हा, आणि दुकानाचा परवाना कफिलाच्या, तिथल्या अरब मालकाच्या, नावावर. बायको माझ्याच वयाची. ती मला ताई म्हणायची आणि मी तिला भाभी. तिची पोरं मला मावशी म्हणायची. मराठी आमची दोघींची सारखीच, फक्त तिच्या मराठीत समुद्र होता आणि माझ्या मराठीत नाशिकचा फणकारा.

आम्हाला मूल नव्हतं. ह्या एका गोष्टीवरून मंडळातल्या बायकांनी मला किती छळलं! कुणी डॉक्टर सुचवायची, कुणी नवस, कुणी नुसतीच मान हलवायची. भाभीनं सात वर्षांत एकदाही विषय काढला नाही. आपली मुलगी मात्र माझ्याकडे पाठवून दिली. शाळेतून आली की दप्तर माझ्याच घरात पडायचं. शिकवणी संपली तरी ती हलायची नाही. माझ्या मांडीला टेकून गृहपाठ करायची, आणि मी तिच्या वेण्या घालायचे.

माझी आई गेली तेव्हा नवऱ्याच्या प्लँटवर शटडाउन, म्हणजे वर्षाची मोठी दुरुस्ती, चाललेलं. त्याला सुट्टी सोडा, फोनवर दोन मिनिटंसुद्धा मिळेनात. तिकीट त्याच दुपारचं मिळालं. मंडळातल्या गाड्या त्या दिवशी कुठे गायब झाल्या होत्या कोण जाणे. सगळ्यांना नेमकी कामं निघाली. भाभीनं मुलाला कडेवर घेतलं, मुलीला शाळेतून अर्ध्यातून आणलं, टॅक्सी केली आणि माझ्याबरोबर आली. पासपोर्टच्या रांगेअलीकडे एक कठडा होता. त्याच्या पुढे प्रवाशांनाच सोडायचे. ती त्या कठड्याशी उभी राहिली. रांग मोठी होती, पाऊण तास तरी गेला असेल. मी दर वेळी मागे वळून बघितलं, आणि दर वेळी ती तिथेच होती, मुलाला ह्या कडेवरून त्या कडेवर घेत. त्या पाऊण तासानं मला धरून ठेवलं. नाहीतर मी तिथेच फतकल मारून रडत बसले असते.

हे सगळं सांगते आहे कारण पुढचं सांगताना मला पळवाट नको.

एका वर्षी कफिलानं दुकान दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरवलं. भाभीचा नवरा म्हणाला, बारा वर्षं राबून मी उभं केलंय, असं कसं देता? झालं. कफिलानं सरकारी कचेरीत जाऊन तक्रार दिली की माझा माणूस पळून गेला. माणूस दुकानात कापड मोजत बसलेला आणि कागदावर तो फरार! पोलीस शोधायला लागले तेव्हा मात्र त्याला खरंच पळावं लागलं. कुणा गाववाल्याच्या खोलीत लपून बसला. बायको-मुलांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याच नावावर. तोही महिनाअखेर संपणार. गावाला परत जाण्यावाचून गत नव्हती. नवऱ्याचं पुढे काय व्हायचं ते होईल, पण पोरांना आधी सुखरूप काढू, असं त्यांचं ठरलं.

अख्ख्या बिल्डिंगला बातमी लागली. जिन्यात भाभी दिसली की दारं हळूच लागायची. पोरांना तिच्या पोरांशी खेळायला पाठवेनात.

जायच्या तीन दिवस आधी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, एक मागू? नाही म्हणालीस तरी चालंल."

"माग की. एवढी प्रस्तावना कसली?"

"पोरगी विचारतेय, अम्मी, आपल्याला सी-ऑफला कोण येणार? तिचे अब्बा तर येऊ शकत नाहीत. विमानतळावर दिसले तर तिथंच धरतील. मी म्हटलं, बघू. तर म्हणते, कुणीच येणार नाही, मला म्हायतंय, आपण चोर झालो." तिचा आवाज एकदम फुटला. "अकरा वर्षांची पोर गो! मला सामान उचलायला माणूस नको. तू नुसती कठड्याशी उभी राहा. पोरांनी मागं वळून बघितलं तर कुणीतरी दिसू दे. इथून आपल्याला हाकललं, असं घेऊन जायला नको त्यांनी."

"वेडी का काय!" मी म्हटलं. "हे काय मागायचं असतं? येणार म्हणजे येणारच."

मी ते मनापासून म्हटलं होतं. त्या क्षणी तरी.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते आणि हट्टानं गेले असते. माझा स्वभावच तसा आहे, नको म्हटलं की हटकून करायचं. पण तो शांतपणे म्हणाला, "तू बघ. मी नाही म्हणणार नाही. माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यूअलला आहे. आणि तुझा इकामा माझ्या नावावर आहे, एवढं फक्त लक्षात ठेव." आणि आमटी मागितली.

तीन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात भुणभुणत राहिलं. मी स्वतःलाच समजावत होते. विमानतळावर कोण बघतंय? शेजारीण म्हणून गेले, त्यात काय? मग लगेच वाटायचं, कुणी विचारलं, ह्यांचा नवरा कुठाय, तर? एवढ्या बायकांमधली मी सगळ्यात तिखट जिभेची, कुणाच्या बापाला न भिणारी, असं मला वाटायचं. प्रसंग आला नव्हता, म्हणून वाटायचं.

दुपारचं विमान होतं. मी सकाळी उठून दशम्या केल्या, लसणाची चटणी केली, सुती फडक्यात बांधली. दहा वाजता त्यांची टॅक्सी आली. चार पेट्या, दोन पोरं, एक बाई. मुलीनं नवा फ्रॉक घातला होता. ती माझा हात धरून म्हणाली, "मावशी, चल, तू पुढे बस."

खरं तर टॅक्सीत जागा होती. मी म्हटलं, "सामान किती आहे बघ, कोंबून कशाला बसायचं? तुम्ही व्हा पुढे. गॅसवर दूध आहे, ते उतरवते आणि मागोमाग दुसरी टॅक्सी करून येतेच. अर्ध्या तासात."

भाभीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाली, "ये हां." आणि दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

मला आजही कुणीतरी विचारावं असं वाटतं की तेव्हा तुझ्या मनात जायचं होतं की नव्हतं. मी शपथेवर सांगेन, होतं. मी साडी बदलली. पर्स घेतली. टॅक्सीपुरते दिनार मोजून मुठीत धरले. कुलूप लावून खाली आले. आणि बिल्डिंगच्या दारात नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाची बायको उभी. ह्या बाईच्या कानावर पडलेली गोष्ट दुसऱ्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये पोचलीच म्हणून समजा.

तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "काय हो, एवढं नटूनथटून कुठे? समोरच्यांकडे आज काहीतरी गडबड होती ना? पेट्याबिट्या दिसल्या."

आणि मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी कोथिंबीर आणायला चालले."

इतकं सहज. एक श्वाससुद्धा मधे घेतला नाही.

ती म्हणाली, चला, मलाही मिरच्या घ्यायच्यात. मग आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणावाल्याकडे गेलो. मी भारीतली साडी नेसून कोथिंबिरीची जुडी निवडत उभी राहिले. ती भावात घासाघीस करत होती. रस्त्यावरून दोन टॅक्सी रिकाम्या गेल्या. एकीनं तर हॉर्नही वाजवला. मी हात केला असता तर थांबली असती. मी जुडी घेतली आणि तिच्याबरोबर परत आले. जिन्यात ती तिच्या मजल्यावर वळली, तेव्हाही वेळ होता. विमानाला अजून दोन-अडीच तास होते. पुन्हा खाली उतरले असते तर कठड्याशी सहज पोचले असते. मी दार उघडलं, साडी बदलली आणि वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडायला बसले. काडी काडी निवडली. विमानाची वेळ टळून गेली तेव्हाच उठले.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "गेली होतीस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि मला त्याचा असा काही संताप आला की भांडं आपटून मी आत निघून गेले. त्याचा कसला संताप? त्यानं कुठे अडवलं होतं? त्याचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं. पेढे वाटले आम्ही.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विषय काढला. "तुमच्या समोरचे ते कोकणातले... गेले म्हणे?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "कधी गेले, कळलंच नाही हो."

महिन्याभरानं भाभीचं पत्र आलं. पोचलो. दशम्या मुंबईपर्यंत पुरल्या. पोरांची नावं गावातल्या शाळेत घातली. तब्येतीला जप. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर लिहिता आलं असतं. मी तीन-चारदा कागद घेऊन बसले. 'अचानक पोट दुखायला लागलं' असं एकदा लिहिलं आणि माझीच मला किळस आली. पत्र गेलं नाही. तिचा नवरा पुढे दंड भरून, पोलिसांत बोटांचे ठसे देऊन गावी गेला असं कानावर आलं. त्यालाही सी-ऑफ करायला कुणी गेलं नसणार. मी तर नाहीच.

शिकवण्या चालूच राहिल्या. पण त्या यादीतला तो शब्द मी गाळायला लागले. पोरांना येतोच की, म्हणायचे, पुढचा घ्या.

वर्षं गेली. आम्ही अब्बासियातच, पण मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. लोकांच्या हातात मोबाइल आले. एके दिवशी दुपारी फोन वाजला. "मावशी, ओळखलंस? मी बोलतेय." आवाज बाईचा झाला होता, पण मावशी म्हणायची तऱ्हा तीच. लॅब टेक्निशियन झाली होती, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागून आठवड्यापूर्वी आली होती. म्हणाली, तुझा पत्ता शोधायला दोन दिवस लागले.

शुक्रवारी आली. उंच झालेली, डोळ्यांवर चष्मा. आल्या आल्या वाकून नमस्कार करायला लागली, मी अर्ध्यातूनच उठवलं. पिशवीतून आंबापोळी काढली, सोलं काढली. "अम्मीनं दिलंय." सोफ्यावर बसायचं सोडून खाली माझ्याजवळ बसली.  मी मनात शब्द जुळवत होते. माफी कशी मागतात हे मला कधी नीट आलं नाही. शेवटी म्हटलं, "अगं, त्या दिवशी... तुम्ही गेलात त्या दिवशी..."

"मला सगळं आठवतंय तो दिवस!" ती एकदम म्हणाली. "मी किती रडत होते. सारखी अम्मीला विचारत होते, मावशी कुठाय, अजून कशी आली नाही? रांगेत गेलो तरी मी मागेच बघत होते. आणि मग अम्मी ओरडली, अगं ती बघ, आली! कठड्याशी! खूप गर्दी होती ना तिथे. मला आधी दिसेनास. अम्मीनं मला उचललं, एवढी मोठी मी, तरी उचललं. म्हणाली, ती बघ, हात करतेय, कर तूपण. मी केला. छोट्यानंही केला. तू किती वेळ हात हलवत होतीस, मावशी! आम्ही आत जाईपर्यंत."

मी आंबापोळीची घडी उलगडली आणि परत घातली.

"गावाला शाळेत पोरं चिडवायची ना, कुवेतहून पळून आले, हाकलून दिलं म्हणून," ती हसत म्हणाली, "मी म्हणायचे, हट्! आमची मावशी आली होती आम्हाला सी-ऑफला. हाकललेल्यांना कुणी येतं का?"

तेवढ्यात तिनं मोबाइल काढून नंबर लावलाही. "अम्मी, मी पोचले मावशीकडे. घे, बोल." आणि फोन माझ्या कानाला लावला.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "ताई."

"भाभी," मी म्हटलं. 

"पोरगीनं सांगितलं काय तुला? त्या दिवसाचं?"

"हो."

तिनं कोंबड्या हुसकल्या. मग शांत आवाजात म्हणाली, "मग ते तसंच राहू दे. तिला काय सांगत बसू नको. तुझ्यासाठी नाही केलं गो मी ते. तुला माफबिफ काय केलं नाय. पोरांसाठी केलं." आणि तिनं फोन ठेवला.

मुलगी माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, अगदी लहानपणी बघायची तशी. "काय म्हणाली अम्मी?"

"जेवून जा म्हणाली," मी म्हटलं, आणि पानं घ्यायला उठले.